कुलपाची दुसरी किल्ली



गेल्या वर्षावासात धम्मग्रंथाच्या वाचनानिमित्त आम्हांस पळसदरी येथे जाण्याचा योग आला. कर्जत सोडल्यावर खोपोलीच्या मार्गावरील हे पहिलेच स्थानक. वाचन आटोपले, परंतु पावसाने दार अडविले. सबब मंडळी तशीच बसून राहिली आणि बोलण्याचा ओघ मोबाईलमधून चालणाऱ्या सरकारी हेरगिरीकडे वळला. त्या वेळी एका वयोवृद्ध भगिनीने आम्हांस सरळ प्रश्न केला, "दादा, आमच्या मोबाईलात सरकारला काय सापडणार? नातवाचे फोटो अन् रेशनकार्ड. आम्ही काही चोरी केली नाही, मग भ्यायचं कशाला?"

बैठकीतील बहुतेकांनी माना डोलावल्या. आम्ही त्या वेळी जे उत्तर दिले ते अपुरे होते, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. प्रश्न मात्र फार मोलाचा होता आणि तो एकट्या पळसदरीचा नाही. धम्माची दीक्षा घेतलेल्या शेकडो घरांतून तो विचारला जात असेल. म्हणून हा लेख.

त्या भगिनीच्या मोबाईलात काय आहे, हे प्रथम पाहू. नातवाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज तिने महाडीबीटीवर भरून घेतला आहे. त्यासाठी काढलेली जातीच्या दाखल्याची, जात वैधता प्रमाणपत्राची, आधार कार्डाची आणि पासबुकाची छायाचित्रे त्यातच आहेत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात काय लिहिले आहे, यावर आपल्या घरांतून किती हेलपाटे पडतात हे वाचकांस सांगावयास नको. 1956 साली आपण बौद्ध झालो. परंतु बौद्ध म्हणवून घेऊनही अनुसूचित जातीचे घटनात्मक हक्क टिकावेत यासाठी 1990 सालचा कायदा होईपर्यंत 34 वर्षे वाट पाहावी लागली. त्या हक्कांची कागदपत्रे पूर्वी पत्र्याच्या पेटीत असत. आता ती मोबाईलात आहेत. बँकेचा गुप्त आकडा तेथेच येतो, आणि मुलीचे सासरचे दुःखही तिच्या आवाजात तेथेच साठविलेले असते. पत्र्याच्या पेटीस कुलूप लावणाऱ्या बाईस आजवर कोणी चोर म्हटले आहे काय? मग मोबाईलास कुलूप हवे म्हणणाऱ्यानेच आपण चोर नसल्याचा खुलासा का करावा?

येथे एक मोठी गैरसमजूत आहे. हेरगिरी म्हणजे कोणीतरी आपले पाहणार किंवा ऐकणार, एवढेच आपण धरून चालतो. पाळत आपल्या चळवळीस नवी नाही. महाराष्ट्र शासनाने 1982 साली बाबासाहेब आणि अस्पृश्यांची चळवळ यांविषयीच्या मूळ साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यातील पुष्कळसा मजकूर मुंबईच्या पोलिसांनी केलेल्या गुप्त नोंदींतून घेतलेला आहे. इंग्रजी अमदानीतील तो पोलीस सभेच्या कडेला बसून वहीत लिहून घेत असे. दैवाची गंमत अशी की, त्याच्या वहीमुळेच आपल्या काही सभांचा वृत्तांत आज टिकून आहे! परंतु तो पोलीस डोळ्यांना दिसत असे. त्याने चुकीचे लिहिले तरी ते त्याच्या वहीत राही. आपल्या घरात शिरून आपल्या ट्रंकेत, आपल्याच नावाने, आपण न लिहिलेले पत्र ठेवावयाचे म्हटले तर त्यास उंबरठा ओलांडावा लागे, आणि वस्तीचे शंभर डोळे त्याच्यावर असत.

आजच्या हेरास उंबरठाच उरलेला नाही. ज्या वाटेने तो पाहतो त्याच वाटेने तो ठेवूही शकतो. ही केवळ तर्काची गोष्ट नाही. कोरेगाव भीमाच्या खटल्यात नेमका हाच वाद उभा आहे.

1 जानेवारी 2018 हा कोरेगावच्या लढाईचा दोनशेवा स्मृतिदिन. विजयस्तंभास अभिवादन करण्यासाठी गेलेल्या आपल्या बांधवांवर त्या दिवशी हल्ले झाले, हे आपणांस ठाऊक आहे. आपल्यापैकी कित्येक जण तेथे होते. पुढे तपासाचे चक्र आदल्या दिवशी पुण्याच्या शनिवारवाड्यावर झालेल्या एल्गार परिषदेकडे वळले. 6 जून 2018 रोजी नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग, प्राध्यापिका शोमा सेन, 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे, महेश राऊत आणि दिल्लीचे रोना विल्सन यांस अटक झाली. त्यानंतरच्या अटका धरून आरोपींची संख्या सोळा झाली. त्यांत बाबासाहेबांचे नातजावई डॉ. आनंद तेलतुंबडे हेही होते. त्यांस 2020 सालच्या 14 एप्रिलला, म्हणजे भीमजयंतीच्याच दिवशी, स्वाधीन व्हावे लागले. यांतील अनेकांस ज्या तळोजा कारागृहात ठेविले, ते आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे.

पुराव्याचा मोठा भाग कोणता? संगणकांत सापडलेली पत्रे. त्यांपैकी एका पत्रात पंतप्रधानांच्या हत्येच्या कटाचा उल्लेख असल्याचे सांगण्यात आले. आरोपींच्या वकिलांनी या संगणकांच्या प्रती अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या तपासणी संस्थेकडे दिल्या. तिचा पहिला अहवाल फेब्रुवारी 2021 मध्ये बाहेर आला. तो असे सांगतो की, 13 जून 2016 रोजी विल्सन यांस वरवरा राव यांच्या ईमेल खात्यावरून, परंतु ते खाते वापरणाऱ्या दुसऱ्याच कोणाकडून, एक जोडपत्र आले. ते उघडताच नेटवायर नावाचा, दुरून संगणक चालविणारा प्रोग्रॅम आत शिरला, आणि पुढील 22 महिन्यांहून अधिक काळ तो संगणक परक्याच्या हाती होता. त्या परक्याने एक लपविलेला कप्पा तयार करून त्यात ही पत्रे आणून ठेविली. विल्सन यांनी ती कधी उघडल्याचे चिन्ह आढळले नाही. आणखी एक खूण अशी की, त्या संगणकावर वर्ड हा प्रोग्रॅम 2007 सालचा होता. पत्रे मात्र 2010 किंवा 2013 सालच्या वर्डवर तयार झालेली होती. घरात नसलेल्या शाईने लिहिलेले पत्र घरात सापडावे, तशी ही गोष्ट आहे.

जुलै 2021 मधील अहवालात गडलिंग यांच्या संगणकाविषयी हेच सांगितले आहे: 20 महिन्यांहून अधिक काळ परक्याचा ताबा आणि किमान 14 कागद बाहेरून आणून ठेवलेले. फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकाचा अहवाल डिसेंबर 2022 मध्ये आला. पोलिसांनी 12 जून 2019 रोजी तो संगणक जप्त केला. त्याच्या आदल्या रात्री परक्याने आपल्या पाऊलखुणा पुसण्याचा प्रयत्न केला, असे त्यात नमूद आहे. उद्या जप्ती होणार हे त्या परक्यास कसे कळले असावे, हा प्रश्न वाचकांनी स्वतःलाच विचारावा. स्टॅन स्वामी तो अहवाल वाचण्यास हयात नव्हते. 5 जुलै 2021 रोजी, वयाच्या 84 व्या वर्षी, जामिनाची वाट पाहत ते मुंबईच्या रुग्णालयात वारले.

येथे न्यायबुद्धीने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आर्सेनलने या परक्याचे नाव कोठेही घेतलेले नाही. राष्ट्रीय तपास संस्थेने हे अहवाल मानण्यास नकार दिला आहे. अहवालांची पारख न्यायालयात साक्षीपुराव्याने व्हावयाची आहे, आणि ती होईपर्यंत सरकारनेच पत्रे ठेविली असे ठामपणे म्हणणे आम्ही अयोग्य समजतो. परंतु जून 2022 मध्ये 'वायर्ड' या अमेरिकन नियतकालिकाने सेंटिनेलवन या सुरक्षा संस्थेच्या संशोधकांच्या आधारे जे छापले ते दृष्टीआड करता येत नाही. विल्सन, राव आणि हनी बाबू यांच्या ईमेल खात्यांवर कोणीतरी जादा पत्ता व फोन क्रमांक चढविला होता, जेणेकरून परवलीचा शब्द बदलला तरी खाते पुन्हा उघडता यावे. आणि तो पत्ता व क्रमांक पुण्याच्या पोलीस दलातील अधिकाऱ्याशी जुळत होता, असे त्यात म्हटले आहे. या आरोपाची स्वतंत्र चौकशी होणे हे पोलिसांच्या अब्रूसाठीही आवश्यक होते. दरम्यान विल्सन आणि ढवळे यांस मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला तो 8 जानेवारी 2025 रोजी. अटकेपासून साडेसहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि साक्षीपुरावा सुरूही झाला नव्हता.

आता त्या भगिनीचा प्रश्न पुन्हा घेऊ. "आम्ही चोरी केली नाही" हे उत्तर, केवळ पाहणाऱ्या हेरापुढे कदाचित पुरेल. ठेवणाऱ्या हेरापुढे ते पुरत नाही. कारण तेथे आपण काय केले यास महत्त्वच राहत नाही. तुर्कस्तानातही हे घडले आहे. ओडाटीव्ही या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांस 2011 साली संगणकातील कागदांवरून तुरुंगात टाकले. ते कागद बाहेरून घुसविले होते असे याच आर्सेनलच्या तपासणीत दिसले आणि 2017 साली ते निर्दोष सुटले. गावचा वाद म्हणा, जमिनीचा म्हणा, ॲट्रॉसिटीची फिर्याद मागे घ्यावी म्हणून येणारा दबाव म्हणा, आपल्या माणसाविरुद्ध खोटा कागद उभा करण्यात कोणाचे हितसंबंध असतात, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

हा परका आत शिरतो कोठून? कधी वर सांगितल्याप्रमाणे फसव्या ईमेलमधून, आणि कधी मोबाईलातच राहून गेलेल्या दोषातून. दुसरा प्रकार अधिक भयंकर आहे. 2019 साली इस्राएलच्या एन. एस. ओ. कंपनीचे पेगासस हे हत्यार व्हॉट्सॲपच्या कॉलमधून मोबाईलात घुसत होते. कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. व्हॉट्सॲपने जगात सुमारे 1400 आणि भारतात 121 जणांस लक्ष्य केल्याचे सांगितले. डॉ. तेलतुंबडे आणि नागपूरचे वकील निहालसिंग राठोड यांना तशी सूचना मिळाली होती. हे हत्यार आपण केवळ सरकारांना विकतो, असे कंपनी स्वतःच सांगते. आपल्या सरकारने ते घेतले की नाही? संसदेत आणि सर्वोच्च न्यायालयात या साध्या प्रश्नास 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर मिळाले नाही. 27 ऑक्टोबर 2021 रोजी न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली समिती नेमली आणि राष्ट्राच्या सुरक्षेचे नाव घेतले की न्यायालयाने डोळे मिटावेत असे होणार नाही, असे बजाविले. ऑगस्ट 2022 मध्ये कळले ते एवढेच: 29 फोन तपासले, पाचांमध्ये काही उपद्रवी प्रोग्रॅम आढळला, तो पेगाससच होता असे सांगता येत नाही, आणि सरकारने समितीस सहकार्य केले नाही. नागरिकाने तपासास सहकार्य केले नाही तर त्याचा जामीन नाकारतात. सरकारने सर्वोच्च न्यायालयाच्या समितीस सहकार्य न केल्यास काय होते, ते आम्हांस तरी दिसलेले नाही.

परंतु या हेरगिरीचा जो दोष सर्वांत कमी बोलला जातो तो निराळाच आहे, आणि तो समजण्यास पळसदरीचा तलाव पुरे. समजा, बांधाच्या भिंतीस कोणी आपल्या एका शेतापुरते भोक पाडले आणि ते गुप्त ठेविले. पाणी त्याच्या एकट्याच्या शेताकडे बघून वाहील काय? मोबाईलातील दोषाचे असेच आहे. मंत्र्याचा, न्यायाधीशाचा, दहशतवाद्याचा आणि पळसदरीच्या आजीबाईंचा मोबाईल एकाच बनावटीचा असतो. त्यांतील भोकही एकच असते. ते सापडल्यावर सरकारपुढे दोन मार्ग असतात. कंपनीस कळवून सर्वांसाठी बुजवावे, किंवा हेरगिरीसाठी गुप्त राखावे. दुसरा मार्ग घेणारे सरकार एका माणसावर पाळत ठेवण्यासाठी कोट्यवधी माणसांची दारे उघडी ठेवते.

याचे फळ रायगड जिल्ह्याने चाखले आहे. अमेरिकेच्या एन. एस. ए. या हेरखात्याने विंडोज या संगणकप्रणालीतील एक दोष हेरून तो स्वतःच्या उपयोगासाठी लपवून ठेविला होता. ते हत्यार त्या खात्याकडूनच चोरीस गेले आणि एप्रिल 2017 मध्ये चव्हाट्यावर आले. कंपनीने मार्चमध्ये दुरुस्ती दिली होती, पण असंख्य संगणकांवर ती चढली नव्हती. 12 मे 2017 रोजी वॉनाक्राय नावाचा व्हायरस त्याच भोकातून दीडशे देशांत पसरला. इंग्लंडच्या सरकारी इस्पितळांत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या रद्द झाल्या. 27 जूनला युक्रेनमधून नॉटपेट्या निघाला. तो रशियाच्या लष्कराने सोडला असे पुढे अमेरिका व इंग्लंडने जाहीर केले. युक्रेनसाठी सोडलेला हा रोग उरण तालुक्यात न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात येऊन पोहोचला! तेथील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे संगणक बंद पडले आणि कंटेनरची कामे हाताने करण्याची पाळी आली. मर्स्कने जगभरातील आपला तोटा 25 ते 30 कोटी डॉलर सांगितला. ज्या बंदरावर आपल्या जिल्ह्यातील ड्रायव्हर, हमाल आणि कारकून यांची पोटे आहेत, त्याचे काम अडले ते एका परदेशी हेरखात्याने आपल्या सोयीसाठी राखलेल्या भोकाने. त्यांतील एकानेही चोरी केली नव्हती.

आपल्याकडेही कुलूप सैल करण्याचे यत्न झाले आहेत. सप्टेंबर 2015 मध्ये केंद्र सरकारने एका धोरणाचा मसुदा काढला. निरोप कुलूपबंद करून पाठविणाऱ्याने त्याची उघडी प्रत 90 दिवस जपून ठेवावी, असे त्यात होते. इतका गवगवा झाला की मसुदा लगेच मागे घ्यावा लागला. 2021 च्या नियमांनी निरोप मुळात कोणी धाडला ते शोधून देण्याची सक्ती व्हॉट्सॲपसारख्या कंपन्यांवर घातली. कुलूप न मोडता हे शक्य नाही, म्हणून व्हॉट्सॲपने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. एका परदेशी व्यापारी कंपनीविषयी आम्हांस ममता नाही. तिला आपल्या नफ्याची काळजी आहे. पण या एका मुद्द्यावर तिचे म्हणणे खरे आहे.

कोणी म्हणेल, मग दहशतवाद्यांस मोकळे सोडावे काय? 26 नोव्हेंबर 2008 ची रात्र मुंबईने भोगली आहे. हल्लेखोर आणि त्यांचे सूत्रधार यांच्यातील फोन ऐकल्यामुळेच पुष्कळ पुरावा हाती आला. तो अधिकार पोलिसांस असू नये असे आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न आहे तो परवानगी कोणी द्यावी हा. तारयंत्राचा 1885 चा कायदा इंग्रजांनी केला. त्याची जागा आता 2023 च्या दूरसंचार कायद्याने घेतली. संगणकासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 69 वे कलम आहे. कायदे बदलले, परंतु परवानगी देतो गृहसचिव आणि तिची फेरतपासणी करते सचिवांचीच समिती. न्यायाधीश या वाटेवर कोठेही उभा नाही. ज्याच्यावर पाळत ठेविली त्यास ती उठल्यानंतरही कळविण्याची सोय नाही. शिवाय हे कलम निरोप अडवून वाचण्याची मुभा देते. संगणकात काही नेऊन ठेवण्याची मुभा कोणताच कायदा देत नाही.

बाबासाहेबांनी या प्रश्नाचा विचार आपल्या आधी केला होता. मार्च 1947 मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात मूलभूत हक्कांचा जो मसुदा त्यांनी मांडला, त्यात माणसाचा देह, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांस गैरवाजवी झडतीपासून संरक्षण होते; सबळ कारण शपथेवर मांडल्याखेरीज वॉरंट निघू नये, असेही होते. पुढे 3 डिसेंबर 1948 रोजी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी घटनासमितीत अशीच सूचना आणली, तेव्हा बाबासाहेबांनी ती उपयुक्त मानली. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात ही तरतूद आहेच, परंतु विधिमंडळास ती बदलता येऊ नये म्हणून घटनेत असलेली बरी, हा त्यांचा मुद्दा होता. ती सूचना शेवटी नामंजूर झाली. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने मान्य केले, त्यास 24 ऑगस्ट 2017 उजाडावा लागला. मधली जवळजवळ 70 वर्षे आपण त्या नामंजुरीची किंमत मोजली. बाबासाहेबांनी 'कागदपत्रे' हा शब्द घातला होता, याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधतो. झोपडीत राहणाऱ्याचीही कागदपत्रे त्यांच्या डोळ्यांपुढे होती.

सबब आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. न्यायाधीशाच्या लेखी हुकुमाशिवाय कोणाच्याही मोबाईलात शिरता येऊ नये. सरकारी खात्यास सापडलेला दोष बुजविण्यासाठी कळविणे कायद्याने बंधनकारक करावे. रवींद्रन समितीचा अहवाल जनतेपुढे ठेवावा. आणि संगणकातील पुराव्यावर माणसास वर्षानुवर्षे कोठडीत ठेवण्यापूर्वी त्या पुराव्याची स्वतंत्र तपासणी व्हावी. निवडणुकीत आपल्या दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास, तो निळा झेंडा घेऊन आला तरी, हे विचारावयास हवे.

तोवर आपल्या हाती जे आहे ते करावे. अनोळखी ईमेलचे जोडपत्र आणि लग्नपत्रिकेच्या नावाने येणारी फाईल उघडू नये. ओळखीच्या नावाने आली तरी फोन करून विचारावे, कारण विल्सन यांस आलेले पत्रही ओळखीच्याच नावाने आले होते. ईमेल आणि व्हॉट्सॲपला दुसरा परवलीचा आकडा लावून घ्यावा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 105 व्या कलमानुसार झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. मोबाईल वा संगणक जप्त होत असेल तर त्या चित्रीकरणाचा आग्रह धरावा आणि त्यातील मजकुराची 'हॅश व्हॅल्यू', म्हणजे नंतर एक अक्षर बदलले तरी उघडकीस आणणारा आकडा, पंचनाम्यावर लिहून मागावा. या खटल्यात याच आकड्यावरून पुष्कळ वाद झाला आहे.

पळसदरीच्या त्या भगिनीच्या मोबाईलावर कंपनीच्या दुरुस्तीची सूचना सात महिने पडून होती. जागा शिल्लक नाही म्हणून ती चढत नव्हती. नातवाने आजीला विचारून लग्नाचे जुने व्हिडिओ काढले, दाखल्यांची छायाचित्रे तेवढी ठेविली आणि आमची गाडी येण्यापूर्वी दुरुस्ती चढवून दिली. पळसदरीत आणखी किती मोबाईल तसे पडून आहेत ते पाहण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले आहे.